विश्लेषण : व्हर्मीरच्या चित्रातली ‘ती’ गल्ली नेमकी कुठली? गाळ काढण्याच्या पट्टीच्या वहीतून कसा लागला पत्ता?

लाल विटांचं जुनं घर. भिंतीला तडे गेलेत, ते चुन्याने कसेबसे बुजवलेत. दारात बसून एक बाई शिवणकाम करतेय. घराला लागून असलेल्या अरुंद बोळात दुसरी बाई पिंपाशी वाकलीय आणि बाहेर फरसबंदीवर दोन मुलं पाठमोरी बसून काहीतरी खेळतायत. वर ढगाळ आकाश. चित्रात एवढंच आहे. ना राजा, ना लढाई, ना देव.

तरीही अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये या चित्रासमोर रोज गर्दी असते. चित्राचं नाव ‘द लिटल स्ट्रीट’, म्हणजे छोटा रस्ता. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातला हा रस्ता योहानेस व्हर्मीर या चित्रकाराने १६५८ च्या सुमारास तैलरंगात रंगवला. उंची ५४.३ सेंटिमीटर, रुंदी ४४ सेंटिमीटर. भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा थोडंसंच मोठं.

हा रस्ता डेल्फ्टमध्ये नेमका कुठे होता, याचा शोध अभ्यासक शंभरहून अधिक वर्षं घेत होते. २०१५ मध्ये त्याचं एक ठोस उत्तर पुढे आलं आणि ते सापडलं चक्क महापालिका छाप हिशेबात, कालव्यातला गाळ काढण्यासाठी घरमालकांकडून घेतलेल्या पट्टीच्या नोंदीत. गंमत म्हणजे खुद्द व्हर्मीरबद्दल आपल्याला जे माहीत आहे, तेही बहुतेक अशाच कागदांतून आलंय. उधारी, कर्ज, वर्गणी, जप्तीची यादी. त्याचं एकही खासगी पत्र उपलब्ध नाही. डायरी नाही. ज्यावर निःशंकपणे बोट ठेवता येईल असं त्याचं स्वतःचं चित्रही नाही.

कोण होता व्हर्मीर?

डेल्फ्टच्या नव्या चर्चमध्ये ३१ ऑक्टोबर १६३२ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचं तर तो शिवरायांपेक्षा पावणेतीन वर्षांनी लहान. चारच दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, त्याच शहरात आणखी एका बाळाचा बाप्तिस्मा झाला. ते बाळ म्हणजे अँटनी व्हॅन ल्युवेनहॉक. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात सूक्ष्मदर्शकासोबत ज्याचं नाव येतं, तोच. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

व्हर्मीरचे वडील रेनियर मूळचे विणकर. रेशमी नक्षीचं कापड विणायचे. पुढे त्यांनी खाणावळ काढली आणि सोबत चित्रांच्या खरेदी-विक्रीचा धंदा सुरू केला. १६४१ मध्ये त्यांनी बाजारचौकातली ‘मेखेलेन’ नावाची मोठी खाणावळ विकत घेतली, अर्थात कर्ज काढून. म्हणजे हा मुलगा लहानपणापासून चित्रांच्या, गिऱ्हाइकांच्या आणि देणेकऱ्यांच्या घोळक्यात वाढला. आईकडच्या आजोबांची गोष्ट तर एखाद्या वेबसीरिजला पुरेल अशी आहे. खोटी नाणी पाडण्याच्या एका प्रकरणात ते गुंतले होते. ते स्वतः वाचले, पण त्या प्रकरणातल्या दोन सूत्रधारांचा १६२० मध्ये शिरच्छेद झाला.

व्हर्मीर चित्रकला कोणाकडे शिकला? कागद गप्प आहेत. तो थेट दिसतो तो एप्रिल १६५३ मध्ये, लग्नाच्या नोंदीत.

लग्नाला सासूचा विरोध का होता?

मुलगी होती कॅथरिना बोल्नेस. घर सधन आणि कॅथलिक. व्हर्मीरचं घर प्रोटेस्टंट, त्यात खाणावळवाल्याचं आणि कर्जात असलेलं. त्या वेळच्या डच प्रजासत्ताकात कॅथलिकांना उघडपणे चर्च चालवायला बंदी होती. त्यामुळे आपली मुलगी अशा घरात द्यायची का, हा प्रश्न कॅथरिनाच्या आईसाठी साधा नव्हता.

आईचं नाव मारिया थिन्स. तिचं स्वतःचं लग्न मोडलेलं. नवरा मारहाण करायचा म्हणून ती मुलीसह वेगळी झाली होती. जावयाच्या बाजूने रदबदली करायला मंडळी तिच्या घरी गेली. त्यात लिओनार्ट ब्रामर हा डेल्फ्टमधला नावाजलेला चित्रकारही होता. तिने संमतिपत्रावर सही करायला साफ नकार दिला, पण लग्नात आडकाठी करणार नाही, एवढं कबूल केलं. लग्न झालं. व्हर्मीरने त्यासाठी कॅथलिक पंथ स्वीकारला, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पुढे काही वर्षांतच हे जोडपं याच सासूच्या घरी राहायला गेलं. सही न देणारी मारिया थिन्स पुढची दोन दशकं या संसाराचा आधार होती. घरजावई व्हर्मीरची जवळपास सगळी प्रसिद्ध चित्रं तिच्याच घराच्या माडीवर तयार झाली.

डिसेंबर १६५३ मध्ये तो चित्रकारांच्या संघात, म्हणजे सेंट ल्यूक गिल्डमध्ये दाखल झाला. वर्गणी होती ६ गिल्डर. त्याने भरले दीड गिल्डर. उरलेले साडेचार भरायला त्याला १६५६ साल उजाडलं. ज्याच्या चित्रांना आज किंमत लावणंही अवघड, त्याच्या कारकिर्दीची पहिली नोंद अशी थकबाकीची आहे.

शहरात तेव्हा काय चाललं होतं?

डेल्फ्ट हे तेव्हा कालव्यांचं, बिअरच्या भट्ट्यांचं आणि निळ्या-पांढऱ्या मातीच्या भांड्यांचं शहर होतं. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक इथे होती. चीनची पोर्सेलीनची भांडी याच कंपनीच्या जहाजांतून यायची आणि डेल्फ्टचे कुंभार त्यांच्या नकला करायचे. याच कंपनीची एक वखार आपल्याकडे वेंगुर्ल्यातही होती. तिचे अवशेष आजही तिथे उभे आहेत.

१२ ऑक्टोबर १६५४ रोजी सकाळी डेल्फ्टमधल्या दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला. आत सुमारे ४० टन दारू होती. शहराचा एक अख्खा भाग सपाट झाला, शंभरहून अधिक माणसं गेली. कारेल फॅब्रिशियस हा अवघ्या ३२ वर्षांचा गुणी चित्रकारही त्यात गेला. त्याआधी १५३६ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला होता. म्हणजे व्हर्मीरच्या काळात डेल्फ्टमध्ये जुनं घर दिसणं म्हणजे दोन संकटांतून वाचलेलं घर दिसणं.

‘छोटा रस्ता’ हे चित्र स्फोटानंतर चार-पाच वर्षांनी काढलेलं आहे. चित्रातलं घर त्याच्या काळातही जुन्या धाटणीचंच होतं, पायऱ्यापायऱ्यांच्या शेंड्याचं, तडे गेलेलं. व्हर्मीरने ते तडे लपवले नाहीत. उलट एकेक भेग, एकेक डागडुजी बारकाईने रंगवली. नवी कोरी हवेली समोर असताना त्याने हे घर का निवडलं असेल, हा प्रश्न इथेच पडतो.

तो इतकी कमी चित्रं का काढायचा?

व्हर्मीरची आज साधारण ३७ चित्रं मानली जातात. वीस-बावीस वर्षांच्या कामात त्याने वर्षाला दोन-तीन चित्रं काढली असावीत. त्याच काळातले इतर डच चित्रकार बाजारासाठी शेकड्याने चित्रं काढत होते.

एक कारण रंगांत आहे. त्याला निळा रंग लागायचा तो लॅपिस लाझुली या दगडापासून बनवलेला. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून यायचा. दगड कुटायचा, धुवायचा, गाळायचा, मग त्यातून थोडीशी निळी पूड मिळायची. इतर चित्रकार तो जपून, दिसेल अशाच ठिकाणी वापरत. व्हर्मीर तो सावलीतही घालायचा, दुसऱ्या रंगांच्या खालीही द्यायचा. खर्चाच्या दृष्टीने हे वेडेपणाचंच.

दुसरं कारण म्हणजे खाडाखोड. ‘छोटा रस्ता’ची इन्फ्रारेड तपासणी झाली तेव्हा दिसलं, की बोळाच्या तोंडाशी त्याने आधी आणखी एक बसलेली व्यक्ती आखली होती. नंतर ती पुसून टाकली. त्यामुळे नजर सरळ बोळात, आत वाकलेल्या बाईपर्यंत जाते. त्याच्या खोल्यांच्या चित्रांत तर डझनाहून अधिक ठिकाणी कॅनव्हासला टाचणीचं बारीक छिद्र सापडलंय. तिथे टाचणी रोवायची, खडू लावलेला दोरा ताणायचा आणि तिरक्या रेषांचा ठसा उमटवायचा. सुतार लाकडावर सूत मारतो तसंच. इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या तासाला ‘व्हॅनिशिंग पॉइंट’वरून शिव्या खाल्लेल्यांना हे वाचून बरं वाटेल.

तिसरं कारण गिऱ्हाईक. पीटर व्हॅन रावव्हन आणि मारिया द क्नाउट हे डेल्फ्टमधलं श्रीमंत जोडपं त्याची चित्रं घेत राहिलं. १६५७ मध्ये व्हॅन रावव्हनने त्याला २०० गिल्डर उसने दिले. १६६५ च्या मृत्युपत्रात मारियाने त्याच्यासाठी ५०० गिल्डर ठेवले. एखाद्या चित्रकारासाठी अशी तरतूद करणं हे त्या काळात फारच विरळ होतं. पाठीशी हे घर असल्यामुळे त्याला बाजारात पळावं लागलं नाही. पण त्याचा तोटाही झाला. त्याची अर्ध्याहून अधिक चित्रं एकाच घरात जाऊन बसली आणि डेल्फ्टबाहेर त्याचं नाव फारसं पसरलंच नाही.

१६६३ मध्ये एक फ्रेंच प्रवासी, बाल्थासार द मॉन्कोनी, त्याला भेटायला आला. व्हर्मीरकडे दाखवायला एकही चित्र नव्हतं. पाहुण्याला मग एका बेकरीवाल्याकडे नेण्यात आलं, तिथे एक चित्र होतं. त्याची किंमत ६०० लिव्हर असल्याचं ऐकून पाहुणा चकित झाला. एकाच माणसाचं चित्र आणि एवढे पैसे? त्याच्या मते त्याच्या दहाव्या हिश्शाला घेतलं तरी महागच पडलं असतं.

डेल्फ्टमध्ये मात्र त्याला मान होता. गिल्डच्या प्रमुखांमध्ये तो दोनदा निवडून आला, १६६२ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये.

मग तो कर्जबाजारी कसा झाला?

१६७२ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने डच प्रजासत्ताकावर स्वारी केली. डच इतिहासात या वर्षाला ‘आपत्तीचं वर्ष’ म्हणतात. शत्रूला अडवायला डचांनी स्वतःचे बांध फोडून शेतं पाण्याखाली घातली. मारिया थिन्सच्या जमिनी त्यातच बुडाल्या आणि खंड येणं बंद झालं. चित्रांचा बाजार तर एका रात्रीत बसला. व्हर्मीरला स्वतःची चित्रं विकता येईनात आणि वडिलांप्रमाणे इतरांच्या चित्रांचा जो व्यापार तो करायचा, तोही ठप्प झाला.

घरात खाणारी तोंडं किती? कॅथरिनाला एकूण पंधरा मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. अकरा मुलं, नवरा-बायको आणि सासू.

त्याच्या चित्रांत एक गोष्ट खटकते, ती इथे आठवते. खोलीत एकटी बाई आहे, पत्र वाचतेय, दूध ओततेय, मोती तोलतेय. सगळं शांत. पोरांचा आवाज नाही, पाळणा नाही. अकरा मुलांच्या घरात बसून तो हे रंगवत होता. मुलं त्याच्या चित्रात फक्त एका ठिकाणी ठळकपणे दिसतात. ‘छोटा रस्ता’मध्ये, फरसबंदीवर खेळताना आणि तीही पाठमोरी.

जुलै १६७५ मध्ये त्याने अ‍ॅमस्टरडॅममध्ये १००० गिल्डरचं कर्ज उचललं. डिसेंबरमध्ये तो गेला. वय ४३. कॅथरिनाने नंतर एका अर्जात सांगितलं त्यानुसार, युद्धामुळे कमाई बुडाली, मुलांचा भार वाढला, तो खचून गेला आणि दीड दिवसात धडधाकट माणसाचं होत्याचं नव्हतं झालं. डिसेंबरच्या मध्यावर त्याला डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये पुरण्यात आलं. तिकडे रायगडावरच्या राज्याभिषेकाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

कॅथरिनाने पुढे काय केलं?

नवऱ्याला पुरून दीड महिना होतो न होतो, तोच बेकरीवाला हेंड्रिक व्हॅन बायटन याचा हिशेब पुढे आला. थकलेली उधारी ६१७ गिल्डरच्या वर. एवढ्या मोठ्या कुटुंबाचा दोन-तीन वर्षांचा पाव एवढ्यात बसतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कॅथरिनाकडे रोकड नव्हती. तिने व्हर्मीरची दोन चित्रं बेकरीवाल्याकडे ठेवली. पण ती विकली नाहीत, हे महत्त्वाचं. करार असा केला की दरवर्षी ५० गिल्डर फेडत गेलं तर चित्रं परत मिळावीत. आपल्याकडे दागिने गहाण टाकतात, तसा प्रकार. बेकरीवाल्यानेही दोन-तीन वर्षं उधार पाव दिला आणि बदल्यात कागदावर विश्वास ठेवला, हेही नोंदवायला हवं. तोवर त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांनी तगादा लावला असता, तर कदाचित ती चित्रं मातीमोल भावाने गेली असती.

२९ फेब्रुवारी १६७६ रोजी घरातल्या वस्तूंची यादी झाली. ही यादी आजही उपलब्ध आहे आणि वाचताना आपण घरातून चालत जातोय असं वाटतं. खाली अंथरुणं, मुलांचे कपडे, स्वयंपाकघरातली भांडी. एके ठिकाणी पांढऱ्या फरची किनार लावलेला पिवळा साटिनचा अंगरखा. तसाच अंगरखा व्हर्मीरच्या अनेक चित्रांतल्या बायकांच्या अंगावर आहे. वर माडीवर, रस्त्याच्या बाजूच्या खोलीत, दोन चित्रफळ्यांचे स्टँड, तीन पॅलेट, दहा कॅनव्हास, एक टेबल, एक छोटं कपाट आणि किरकोळ सामान. व्हर्मीरची चित्रशाळा एवढीच.

यादीच्या पाच दिवस आधी कॅथरिनाने एक हुशारी केली होती. ‘चित्रकला’ या नावाने ओळखलं जाणारं नवऱ्याचं मोठं चित्र तिने आईच्या नावावर केलं, देणेकऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून. आईचं देणं फेडलं, असं कागदावर दाखवलं. पण दिवाळखोरीचा अर्ज करावाच लागला. न्यायालयाने मालमत्तेवर विश्वस्त नेमला. त्याचं नाव अँटनी व्हॅन ल्युवेनहॉक. चार दिवसांच्या अंतराने बाप्तिस्मा झालेल्या दोघांपैकी एकाची मालमत्ता दुसरा निकालात काढत होता. दोघांची मैत्री होती का, याचा एकही पुरावा नाही. विश्वस्त म्हणून तो कॅथरिनाच्या बाजूने वागला नाही, ‘चित्रकला’ तिच्या हातून गेलंच.

कॅथरिना नवऱ्यानंतर बारा वर्षं जगली आणि कर्जातच गेली.

चित्रांचं काय झालं?

१६ मे १६९६ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक लिलाव झाला. व्हॅन रावव्हनच्या जावयाच्या घरातली व्हर्मीरची २१ चित्रं एकदम विकायला निघाली. ‘डेल्फ्टचं दृश्य’ गेलं २०० गिल्डरला, ‘दूधवाली’ १७५ ला. डेल्फ्टमधल्या एका घराचं दृश्य, असं ज्याचं वर्णन यादीत आहे ते बहुधा आपलं ‘छोटा रस्ता’. ते गेलं साडेबहात्तर गिल्डरला. बेकरीवाल्याच्या उधारीच्या जेमतेम आठव्या हिश्शात.

त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं व्हर्मीर जवळपास विसरला गेला. त्याची चित्रं दुसऱ्यांच्या नावावर विकली गेली. १८६६ मध्ये थिओफिल थोरे या फ्रेंच समीक्षकाने त्याच्यावर लेखमाला लिहिली आणि त्याला उजेडात आणलं. पण उत्साहाच्या भरात थोरेने इतरांचीही बरीच चित्रं व्हर्मीरच्या खात्यात जमा केली. त्यात याकोबस व्रेल या चित्रकाराचे रस्तेही होते. म्हणजे एका रस्त्याचा चित्रकार सापडला आणि दुसऱ्याचा हरवला.

माणसाबद्दल कागद कमी असले की रिकाम्या जागा भरायला कोणीतरी येतंच. हान व्हॅन मेखरेन या डच चित्रकाराने १९३० च्या दशकात व्हर्मीरच्या नावाने धार्मिक चित्रं काढून खपवली. तरुणपणी व्हर्मीर अशी चित्रं काढत असेल, असं तज्ज्ञांना वाटत होतंच, त्यामुळे ते फसले. त्याचं एक चित्र तर नाझी नेता हर्मन गोअरिंगपर्यंत पोचलं. युद्धानंतर राष्ट्रीय ठेवा शत्रूला विकल्याच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा सुटकेसाठी त्याला उलट सिद्ध करावं लागलं की चित्र खोटं आहे. कोठडीत पहाऱ्याखाली त्याने आणखी एक ‘व्हर्मीर’ रंगवून दाखवला. खोट्या नाण्यांच्या प्रकरणातल्या आजोबांच्या नातवाच्या नशिबी हेही होतं.

‘छोटा रस्ता’ मात्र या सगळ्यातून सुखरूप राहिलं. एकोणिसाव्या शतकात ते अ‍ॅमस्टरडॅमच्या सिक्स कुटुंबाकडे होतं. १९२१ मध्ये तेलसम्राट हेन्री डेटर्डिंगने ते विकत घेऊन राइक्सम्युझियमला भेट दिलं.

पत्ता लागला कसा?

आता मूळ प्रश्नाकडे. आधीच्या अभ्यासकांनी अनेक तर्क लढवले. कोणी म्हणालं ‘मेखेलेन’ खाणावळीच्या मागचा फोल्डर्सग्राख्त कालवा, कोणी म्हणालं नीवे लांगेनडाइक. काहींचं म्हणणं होतं, असा रस्ता नव्हताच, तो कल्पनेतला आहे.

अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातले कला-इतिहासाचे प्राध्यापक फ्रान्स ग्रायझनहौट यांनी चित्राकडे बघणं बाजूला ठेवलं आणि वही उघडली. डेल्फ्टमधले कालवे वेळोवेळी उपसावे लागत. गाळ काढण्याचा आणि काठ दुरुस्त करण्याचा खर्च कालव्याकाठच्या घरमालकांवर बसायचा, ज्याच्या घराची कालव्याकडची रुंदी जास्त त्याला पट्टी जास्त. त्यासाठी १६६७ मध्ये प्रत्येक घराची आणि दोन घरांमधल्या प्रत्येक बोळाची रुंदी मोजून लिहिली गेली. अचूकता किती? साधारण १५ सेंटिमीटरपर्यंत. सर्व्हे कॅम्पमध्ये भर उन्हात टेप आणि चेन ओढून चुकलेल्या माणसाला या आकड्याचं कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडे नालेसफाईच्या वहीतून साडेतीनशे वर्षांनी कोणाला काय सापडेल, कुणास ठाऊक.

चित्रातल्या घरांची मांडणी तशी विचित्र आहे. दोन घरं आणि त्यांच्या मधोमध एक नाही तर दोन बोळ, एकमेकांना चिकटून. एकाचं दार बंद, दुसऱ्याचं उघडं. वहीत अशी जोडी शोधायची होती. ती मिळाली व्लामिंगस्ट्राट या कालव्याकाठच्या रस्त्यावर, आजच्या ४० आणि ४२ क्रमांकाच्या जागी. दोन्ही घरं सुमारे ६.३ मीटर रुंद आणि मध्ये दोन बोळ, प्रत्येकी सुमारे १.२ मीटरचे. चित्र काढल्यानंतर नऊएक वर्षांनीच ही मोजणी झाली होती, हेही जमून आलं.

आणि मग मालकाचा रकाना. उजवीकडचं घर, म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बाईचं घर, आरियान्टगेन क्लास व्हॅन डर मिने या विधवेचं होतं. ती व्हर्मीरच्या वडिलांची सावत्र बहीण. म्हणजे व्हर्मीरची आत्या. पदरात पाच मुलं आणि चरितार्थासाठी वजडी विकायची. त्यावरून शेजारच्या बोळाचं नावच ‘पेन्सपोर्ट’ पडलं होतं. मराठीत सांगायचं तर वजडीचा दरवाजा. व्हर्मीरची आई आणि बहीण याच कालव्यावर, थोडं तिरक्या समोरच्या बाजूला राहत होत्या.

म्हणजे तडे गेलेलं हे घर त्याने नुसतं जुनं म्हणून निवडलं नव्हतं, निदान या शोधानुसार तरी. ते त्याच्या ओळखीचं, येण्या-जाण्यातलं घर होतं. दारात आणि बोळात दिसणाऱ्या बायका कोण, मुलं कोणाची, हे मात्र कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. त्या आत्या आणि आत्तेभावंडं आहेत असं म्हणण्याचा मोह ग्रायझनहौट यांच्या शोधानंतर अनेकांना झाला. पण पट्टीच्या वहीत माणसांचे चेहरे नसतात.

सगळ्या अभ्यासकांना हा पत्ता मान्य नाही, हेही सांगायला हवं. व्हर्मीर समोर दिसतं तसं हुबेहूब काढणाऱ्यांपैकी नव्हता, त्याने खिडक्या-दारं सोयीने हलवली असतील, मग रुंदी जुळवून उपयोग काय, असा मुद्दा मांडला जातो. पुसलेली ती बसलेली व्यक्ती पाहता या शंकेत तथ्य आहे. तरी दोन बोळांची जोडी, त्यांची मापं आणि आत्याचं नाव, तिन्ही एकाच ठिकाणी जुळणारा दुसरा पत्ता इतका नेटका कोणी दाखवलेला नाही, असं या लेखकाचं मत.

आज तिथे काय आहे?

२०२३ मध्ये राइक्सम्युझियमने व्हर्मीरची २८ चित्रं एका छताखाली आणली. तिकिटं काही दिवसांतच संपली आणि सुमारे साडेसहा लाख लोकांनी ते प्रदर्शन पाहिलं. ‘छोटा रस्ता’ अर्थातच त्यात होतं. जवळून पाहिलं तर डावीकडच्या घरावरच्या वेलीची पानं निळसर दिसतात. व्हर्मीरने ती हिरवी रंगवली होती. निळ्यात मिसळलेला पिवळा रंग काळाच्या ओघात उडून गेला, बदख्शानचा महागडा निळा तेवढा टिकला.

डेल्फ्टमध्ये व्लामिंगस्ट्राटवर आता आत्याचं घर नाही. ४० आणि ४२ क्रमांकावर एकोणिसाव्या शतकातली साधी घरं उभी आहेत. फोनवर नकाशा उघडून तिथे जाता येतं. समोर कालवा, कडेला लावलेल्या सायकली. दोन घरांच्या मध्ये उजवीकडचा तो बोळ आणि त्याचं दार मात्र अजून तसंच आहे.